आरसा नसलेला कॅमेरा

महजबीनच्या मेंदीच्या दिवशी, भर दुपारी, अतिकाच्या कॅमेऱ्यातला आरसा वर गेला तो खाली आलाच नाही. भोवती बायकांचा कालवा चालला होता, ढोलकीवर कुणीतरी भलताच ठेका धरला होता, आणि महजबीन दोन्ही हात पुढे करून, मेंदी विस्कटू नये म्हणून बोटं फाकवून बसली होती. अतिकानं तिचा चेहरा चौकटीत घेतला, बटण दाबलं, खट् झालं आणि डोळ्यापुढे काळं झालं. तसं ते प्रत्येक फोटोला व्हायचंच. बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो, उजेड मागच्या पडद्यावर पडतो आणि तेवढ्यापुरतं फोटो काढणाऱ्याला काही दिसत नाही. पापणी लवावी इतकंच ते. पण या वेळी ते काळं गेलं नाही. अतिका डोळा लावून तशीच उभी राहिली. बायकांचं गाणं ऐकू येत होतं, मेंदीचा ओला वास येत होता, समोर मात्र काही नव्हतं. आणि त्या काही नसण्यात पाण्याचा आवाज सुरू झाला, होडीच्या बुडाला थापटणाऱ्या पाण्याचा. मग ती ओरडली. "रिना!"

ढोलकी थांबली. कॅमेरा खाली घेतला तेव्हा समोर महजबीन जागच्या जागी होती, बोटं तशीच फाकलेली, फक्त तोंडावरचं हसू गेलेलं. "रिना कौन, बाजी?" तिनं विचारलं. कुणीतरी हसलं. अतिका म्हणाली, कॅमेरा बिघडला, दुसरं काही नाही, आणि उरलेले फोटो तिनं फोनवर काढले. मधेच नवरीच्या आईनं तिला पंख्याखाली बसवून सरबत दिलं.

घरी आल्यावर तिनं कॅमेरा मेजावर ठेवला. तो तिच्या अब्बांच्या मागे तिनं घेतलेला. अब्बा, म्हणजे निजामभाई, मंगळ बाजाराकडच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता; नंदुरबारातल्या निम्म्याअधिक घरांत त्यांनी काढलेला एखादा तरी फोटो भिंतीवर असेल. ते लहानग्या अतिकाला स्टुलावर उभं करून कॅमेऱ्यातून बघायला लावायचे आणि म्हणायचे, बेटा, सगळ्या जगाला फोटो दिसतो, पण ज्या क्षणी तो निघतो तो क्षण एकट्या फोटोग्राफरला दिसत नाही. अल्लानं हा धंदाच असा केलाय. तेव्हा तिला त्यात मोठी गंमत वाटायची. मुद्दाम बटण दाबून ती ते काळं शोधायची, लपाछपीत डोळे मिटल्यावर दिसतं तसलं. अब्बा गेल्यावर तिनं स्टुडिओ पुढे चालवला. बायकांचे कार्यक्रम, जिथं पुरुष फोटोवाल्याला आत घेत नाहीत, तिथं तिला बोलावणी यायची. धंदा चांगला बसला होता. मग मणिबेलीचं ते झालं, आणि तेव्हापासून प्रत्येक खट्‌च्या मागोमाग तिला एकच भीती वाटू लागली. आरसा खाली येईल आणि समोरचं माणूस तिथं नसेल. वलीम्याची दावत असो, बारसं असो, ती डावा डोळा उघडा ठेवून फोटो काढायला लागली. एका डोळ्यात चौकट आणि दुसऱ्यात उघडं जग, अशी ती दिवसभर वावरायची आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. घरात कुणाला तिनं सांगितलं नव्हतं. अझरुद्दीन, तिचा नवरा, गाद्या-रजयांच्या दुकानात दिवसभर कापसात बुडालेला माणूस. त्याला वाटायचं, चष्मा लागला असेल.

"अब नया ले," तो म्हणाला. "छोटा ले. हलका. तेरे को शादियाँच तो करनी है, कोई जंग पे जाना है क्या?"

नवलभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला. अब्बांच्या वेळेपासूनची ओळख. त्यांनी काचेवर निळी मखमल अंथरली आणि तिच्यावर दोन कॅमेरे ठेवले. एक भरीव, काळाकभिन्न, दोन्ही हातांनी उचलावा असा. दुसरा तळहातात मावणारा, खेळण्यासारखा गुळगुळीत. "आते आरसावाला कोनी लेत नही, बेन," नवलभाई म्हणाले. "आते हाई बिगर आरसाना. हाऊ मोठा, रोजना धंदा करणारासना. आन हाऊ लहाना, नवशिक्यासना. फोटो दोन्हीसना चांगला येतस. किमतीमा जमीन-अस्मानना फरक शे, ते तू सोड, तुन्हा अब्बा मन्हा भाऊसारखा व्हता." तिनं आधी लहान उचलला. डोळा लावला. आत दुकान दिसलं, पण ते दुकान नव्हतं. दुकानाचं बारीकसं टीव्हीवरचं चित्र होतं. नवलभाई त्या चित्रात हलले ते किंचित उशिरा हलले, जणू आधी खरे नवलभाई हलले आणि त्यांना बघून चित्रातल्यांनी नक्कल केली. तिनं बटण दाबलं. चित्र गोठलं, क्षणभर गोठूनच राहिलं, मग पुन्हा जिवंत झालं. तेवढ्यात नवलभाईंचा हात मखमलीवरून उचलला जाऊन चष्म्यापर्यंत पोचला होता. मधला प्रवास कुठंच नव्हता. तिनं तो झटकन मखमलीवर ठेवला.

मग मोठा. तो उचलताना मनगट वाकलं. डोळा लावला तर आतलं चित्र इतकं नितळ, की तिला वाटलं, मध्ये काचच नाही. बटण दाबलं. आवाज नाही. काळं नाही. काहीच झालं नाही. ती दाबतच राहिली आणि रस्ता वाहतच राहिला, रिक्षा वळली, एक बाई पदरानं नाक झाकून शिंकली, आणि सगळं आत जात होतं, एका पापणीचीही फट न ठेवता. नवलभाई कौतुकानं बघत होते. "मधमा काळं होतच नही. आन अजून एक सांगू? बटण दाबाना आगोदरनं बी हाऊ धरी ठेवस. तू बोट निस्तं ठेव ना, की मांगलं समदं जमा. तू चुकनी तरी हाऊ चुकस नही." अतिकानं कॅमेरा मखमलीवर ठेवला. हात आपोआप कुर्त्याला पुसले गेले. दाबण्याच्या आधीचंही. तिच्या मनात आलं, हा जर तेव्हा असता. आणि लगेच, बरं झालं नव्हता. दोन्ही इतकं पाठोपाठ आलं, की कुठलं आधी आलं ते तिला सांगता आलं नसतं.

मणिबेलीला ती एका संस्थेच्या आरोग्य शिबिराचे फोटो काढायला गेली होती, दोन पावसाळ्यांपूर्वीच्या हिवाळ्यात. धरणाच्या पाण्यात निम्मं गाव बुडालेलं, उरलेलं डोंगरउतारावर, आणि जायला होडीच. रिना तिथलीच. आश्रमशाळेत शिकलेली, नर्सिंगला जायचं म्हणून तयारीत असलेली, शिबिरात डॉक्टरांचं मराठी पाड्यातल्या बायकांना भिलीत सांगणारी आणि बायकांचं भिली डॉक्टरांना मराठीत. सगळ्यांशी हसायची. परतताना एकाच होडीत होत्या त्या. डॉक्टर पुढच्या टोकाला, रिनाचे वडील फत्तेसिंग मागं इंजिनापाशी, तिची आई नानीबाई मधल्या फळीवर, गाठोडं मांडीवर घेऊन. एका ठिकाणी नानीबाईनं दोन्ही पाय उचलून फळीवर घेतले. रिना हसून म्हणाली, "इथं खाली आमचं जुनं घर आहे ताई. मी नाही पाहिलेलं, माझ्या आधीच बुडालं. आई इथून जाताना पाय वर घेते. घराच्या डोक्यावर पाय पडायला नको म्हणून." मग ती होडीच्या काठावर चढून बसली. "माझा एक काढा ना. मागं पाणी येऊ द्या, सगळं पाणी." ऊन तिरपं होतं. मागं पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले. अतिकानं चौकट लावली, बोट बटणावर टेकवलं, आणि नेमकं तेव्हाच होडीला खालून दणका बसला. पाण्याखालच्या कुठल्यातरी मेल्या झाडाला बूड घासलं असेल. तिचं बोट दाबलं गेलं ते दाबलेलंच राहिलं. खट्, काळं, खट्, काळं. डोळा बाजूला झाला तेव्हा काठ रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी मासे धरणाऱ्यांना ती त्या झाडांत अडकलेली मिळाली. संस्थेला अतिकानं सगळे फोटो दिले, होडीतले ते दोन सोडून. पहिल्यात रिना बसलेली होती, उजवा हात खांद्याच्या वर उचललेला, बोटं धूसर. चेहऱ्यावरही धूसर काहीतरी होतं, जे हसू असू शकत होतं आणि नसूही. दुसऱ्यात तिरपा झालेला काठ, पाणी आणि बरंचसं आकाश. पहिला फोटो अतिकानं संगणकावर किती वेळा मोठा केला असेल. मोठा केला की हाताचे चौकोन व्हायचे, त्याहून मोठा केला की चौकोनांचा नुसता रंग. ती टाटा करत होती, की धरायला काही शोधत होती, की तिला, कॅमेऱ्यामागच्या बाईला, हाक मारत होती? त्या दोन फोटोंच्या मधे काय झालं ते अतिकासमोर, हाताच्या अंतरावर झालं होतं आणि तिनं पाहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, सावरायला वेळच कुठं होता. अतिकाला सल वाचवता न आल्याचा नव्हताच. तेवढं तिला कळत होतं. न बघितल्याचा होता. एक पोरगी 'मला बघा' म्हणून समोर बसली, आणि नेमकी ती गेली तेवढ्यात आपल्या डोळ्यापुढे काळं होतं.

"उजेडमा नेई दख," नवलभाई म्हणत होते. मोठा कॅमेरा त्यांनी तिच्या गळ्यात घातला सुद्धा. "दुकानमा काय समजाव? मिरचीनी पथारीवर जाय. लाल रंग कोनता बी कॅमेराले पचत नही, निस्ता लाल गोया करी टाकस. तठे जो टिकना, तो खरा. सांजले परत दे, नही आवडना ते लहाना लई जाय." अतिका काही बोलणार होती. पथारीच्या रस्त्याला ती दोन वर्षं गेली नव्हती. गावाबाहेर मोकळ्या रानात ओली मिरची वाळत घालतात, हिवाळाभर ते रान लाल असतं, आणि सातपुड्यातल्या बाया तिथं पाल टाकून राहतात, दिवसभर मिरचीची देठं खुडतात. त्यांच्यात नानीबाई असते हे तिच्या कानावर आलं होतं. पोरगी गेल्यावर फत्तेसिंगनं होडी विकली, तो गुजरातेत ऊसतोडीला जातो, आणि बाई इथं येते. म्हणून अतिका त्या बाजूचं बोलावणं आलं की लांबच्या रस्त्यानं जायची. पण नवलभाईंना काय सांगणार? ती स्कूटीवर बसली. गळ्यातलं वजन छातीवर आपटत होतं.

पथारीवर पोचायच्या आधीच तिखट हवा नाकात शिरली, डोळे चुरचुरले. समोर लाल पसरलेलं. ती एका कडेला उभी राहून डोळा लावून बघायला लागली आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपला डावा डोळा मिटलाय. कॅमेऱ्यात प्रत्येक मिरची सुटी दिसत होती, सुरकुतीसकट, लालात लाल न मिसळता. आणि ते यंत्र स्वतःहून माणसं शोधत होतं. चौकटीत चेहरा आला की त्याच्यावर एक बारीक चौकोन जाऊन बसायचा, डोळ्यावर, आणि माणूस हललं की मागोमाग सरकायचा. एका बाईवर तो बसला. दुसरीवर. मग दूरच्या ढिगाऱ्याआड वाकलेल्या एका बाईनं मान वर केली, चौकोन तिच्या डोळ्यावर गेला आणि तिथंच थांबला, कारण ती बाई हलत नव्हती. ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. नानीबाई. कॅमेरा खाली घेऊन निघून जायला अजूनही वेळ होता. अतिकानं तो खाली घेतला. पण पाय निघेनात, आणि नानीबाई लाल ढिगांच्या मधून तिच्याकडे चालत आली, तोंडावरचं फडकं सोडवत.

"तू फोटूवाली बाई ना?" तिनं विचारलं. डोंगरातली माणसं सगळ्यांनाच तू म्हणतात, कलेक्टरलाही. "मी वळखली. लई दिस झाले. तू आलीच नाही."

अतिका म्हणाली, हो, नाही आले. नानीबाई पहिल्यापेक्षा वाळली होती, बोटांची टोकं मिरचीनं लालभडक झाली होती. ती खाली बसली, अतिकाही बसली.

"मला तुला एक विचारायचं होतं," नानीबाई म्हणाली. "कुणाला विचारू? बाप मागं तोंड करून इंजिनाला लागलेला. डॉक्टर तिकडं बघे. होडीत सगळे, पण कुणीच देखलं नाही. मी देखलं. एकलीनं. आणि तू. तुझा तो डोळा तिच्याकडेच होता. मी म्हणते, एक फोटूवाली बाई आहे, तिनं पण देखलं. रातदिस मनात बोलते तुझ्याशी. तू देखलं ना?"

हवेत तिखट होतं, त्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंय हे अतिकाला कळलं नाही. हो म्हणणं किती सोपं होतं. त्या एका शब्दानं या बाईला सोबत मिळाली असती. दोन वर्षं ती जिच्याशी मनात बोलत होती ती खरी ठरली असती. अतिकाच्या जिभेवर तो शब्द आलाही. पण नंतर ही बाई पुढचं विचारेल, कशी गेली, काय झालं, आणि तेव्हा आपल्यापाशी चौकोनांच्या रंगाखेरीज काही नसेल. किंवा विचारणारही नाही, आणि ते जास्त वाईट.

"नाही देखलं मी, नानीबाई," ती म्हणाली. "त्या कॅमेऱ्यात फोटो काढताना आत काळं होतं. मी डोळा लावून होते, पण मला काळंच दिसलं. मग काठ दिसला, रिकामा."

नानीबाईनं हातातल्या फडक्याची घडी घातली. मुकादमाची हाक ऐकू आली, पलीकडे कुणीतरी हसलं. अतिकाला वाटलं, ती आता उठून जाईल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गर्दीत ओळखीचं म्हणून कुणाचा खांदा धरावा आणि त्यानं वळून बघितल्यावर तो परका निघावा, तसा तिचा चेहरा झाला होता.

"म्हणजे मी एकलीच," ती शेवटी म्हणाली.

"मला सांग," अतिका म्हणाली. "तू देखलं ते मला सांग. मी ऐकते."

नानीबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग ती सांगायला लागली, आणि मराठी अपुरं पडलं तिथं भिलीत, आणि तेही अपुरं पडलं तिथं हातांनी. वारा होता. केस तोंडावर आले. फोटोत केस तोंडावर नको म्हणून पोरीनं हात वर केला, असा. नानीबाईनं आपला हात खांद्याच्या वर नेला, लाल बोटं कपाळापर्यंत. मग खालून दणका. पोरगी मागं गेली. ओरडली नाही. "तिचं तोंड तुझ्याकडेच होतं. हसत होती. फोटूसाठी हसत होती ना, ते हसू तसंच होतं, पाण्यात जाईपर्यंत. तिला समजलंच नाही. पाय वर आले, एक चप्पल निघाली, मग पाणी मिटलं." दोन्ही तळवे तिनं जमिनीला समांतर धरले आणि जवळ आणले. "मी हात घातला पाण्यात. इथपर्यंत. पाणी गरम होतं." कोपराच्या वर तिनं बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं.

अतिका बघत होती. तिच्या डोळ्यापुढे काठावरची रिना केस सारत होती, हसत होती, मागं जात होती. कुठंच फट नव्हती. ते भयंकर होतं. दोन वर्षं तिला वाटत आलं होतं, की ते एकदा दिसलं की सुटका होईल, आणि आता ते दिसलं आणि सुटका काही झाली नाही. उलट ते आता तिच्याही घरी येणार होतं, तिच्याही झोपेत, पाण्याच्या त्या मिटण्यासकट. फक्त तो हात तिला हाक मारत नव्हता. तो हात केसांसाठी होता.

"आता तू पण देखलं," नानीबाई म्हणाली. ती रडत नव्हती. खांदे जरा सैल पडले होते, डोईवरचा भारा दुसऱ्या बाईनं एका बाजूनं धरावा तसे. "एकलीनं देखणं लई जड, बाई."

मुकादमानं पुन्हा हाक मारली. नानीबाई उठून ढिगाकडे गेली आणि अतिकाही तिच्यामागं गेली. कॅमेरा गळ्यातून काढून तिनं एका कोरड्या पोत्यावर ठेवला आणि ती देठं खुडायला बसली. पहिल्यांदा जमेना, मिरची फुटायची, बी सांडायचं. बाया तिच्याकडे बघून आपापसात भिलीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या, नानीबाईही हसली. ती मधूनमधून रिनाचं काहीबाही सांगत होती, पाण्याचं नव्हे, दुसरं. लहानपणी शेळीला नाव ठेवलं होतं, पाव्याचे सूर ऐकले की घाबरायची, भात नको भाकरीच हवी म्हणून आश्रमशाळेतून दोनदा पळून आली होती. ऊन कलायला लागलं. अतिकाची बोटं आधी गरम झाली, मग पेटली, नखांच्या आत विस्तव भरल्यासारखी. कुर्त्याच्या खिशात फोन वाजला. हात लावायची सोय नव्हती, म्हणून एका बाईनं तो काढून तिच्या कानाला लावला. अझरुद्दीन होता.

"लिया क्या? छोटावालाच ना?"

"आती हूँ, फिर बोलती," ती म्हणाली.

निघताना ती उभी राहिली, दोन्ही पंजे अंगापासून लांब धरून. अशा हातांनी कॅमेऱ्याला शिवता येणार नव्हतं. नानीबाईनं आपले हात मातीनं चोळून, पदराला पुसून कोरडे केले, पट्ट्याला पदराचं टोक गुंडाळून तो उचलला आणि उचलताना दचकली.

"हा तर लई जड आहे."

"हो," अतिका म्हणाली. "हाच घेणार आहे."

तिनं मान वाकवली, आणि नानीबाईनं तो तिच्या गळ्यात घातला.